गवत कोणाचे?

रशियन कादंबरीतले गवत म्हटले की आपल्याला आठवतो तो लेविन. ‘ॲना कॅरेनिना’तला हा भिडस्त, विचारी जमीनदार एके दिवशी मनाशी ठरवून गावकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो आणि त्यांच्याबरोबर दिवसभर गवत कापतो. आरंभी त्याचा हात वळत नाही. पाठ भरून येते, घामाच्या धारा लागतात, आता थांबावे असे दर पावलाला वाटते. मग केव्हातरी हातातला विळा जणू आपोआप चालू लागतो आणि किती वेळ गेला ह्याचे त्याला भानच राहत नाही. ज्याने जन्मात कधी विळा धरलेला नाही अशा वाचकाचेही खांदे ही पाने वाचताना आधी दुखू लागतात आणि मग हलके होतात.

ह्याच कादंबरीत थोड्या प्रकरणांनंतर गवताचा आणखी एक प्रसंग आहे. तो मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. लेविनच्या बहिणीच्या कुरणावरचे गवत गावकऱ्यांनी तिसऱ्या हिश्श्याने कापले आहे. तीन भागांतला एक त्यांचा, दोन मालकिणीचे. गंज्या रचून झाल्या आहेत आणि एकेका गंजीत पन्नास गाड्या गवत आहे असे गावकरी सांगतात. लेविनला संशय येतो. तो एक गंजी मोडून गाड्यांत भरायला लावतो, निघतात बत्तीस. मग वाद, आरडाओरडा, आणि शेवटी तडजोड.

पहिल्या प्रसंगात काव्य आहे, दुसऱ्यात हिशोब. टॉलस्टॉयला दोन्ही एकाच कुरणावर दिसले. आपल्याला मात्र वाचक म्हणून काव्य लक्षात ठेवण्याची आणि हिशोब विसरण्याची खोड असते. ह्या खोडीचा विचार मला करावा लागला तो सोव्हिएत काळातल्या दोन लेखकांमुळे. दोघेही उत्तर रशियाच्या अरण्यप्रदेशातले, दोघेही शेतकऱ्यांच्या घरचे. आणि दोघांच्या पुस्तकांत गवत इतके आहे की पाने उलटताना त्याचा वास यावा. एकाचे नाव फ्योदोर अब्रामोव, दुसऱ्याचे वासिली बेलोव. टॉलस्टॉय, चेखोव, गॉर्की ह्यांच्याइतकी ही नावे आपल्याकडे रुळलेली नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

मॉस्कोहून उत्तरेला निघाले की वोलोग्दा प्रांत लागतो. त्याच्याही पलीकडे, श्वेत समुद्राला मिळणाऱ्या द्वीना नदीच्या अंगाने, अर्खांगेल्स्क. पिनेगा ही द्वीनेची उपनदी. तिच्या काठच्या वेर्कोला ह्या खेड्यात १९२० साली, २९ फेब्रुवारीला, अब्रामोव जन्मला. बेलोव त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. तो १९३२ साली वोलोग्दा प्रांतातल्या तिमोनिखा ह्या लहानशा वस्तीत जन्मला. तिकडची जमीन निकस आणि उन्हाळा आखूड. पिकायचे ते राय, सातू आणि पुढच्या काळात बटाटे. अशा जमिनीला शेणखताशिवाय दाणा येत नाही. शेणखतासाठी गाय हवी. आणि गाय तर वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस बर्फामुळे गोठ्यातच बांधलेली. तेव्हा उन्हाळ्याच्या त्या थोड्या आठवड्यांत, पावसाची उघडीप साधून, जेवढे गवत कापाल, वाळवाल आणि रचाल तेवढेच पुढच्या वर्षीचे दूध, खत आणि भाकरी. आपल्या मुलखात पावसाळ्यावर जीव टांगलेला असतो, तसा तिकडे तो गवतावर. वोलोग्दाचे लोणी देशोदेशी नावाजले गेले, त्याच्या मुळाशीही हेच गवत. (ह्या लोण्याची कीर्ती ज्याच्यामुळे झाली तो निकोलाय वेरेश्चागिन हा चित्रकार वासिली वेरेश्चागिनचा सख्खा भाऊ. चित्रकार १८७० नंतरच्या दशकात हिंदुस्थानात येऊन ताजमहाल रंगवून गेला. भाऊ सहकारी दुग्धशाळा काढीत राहिला. पहिल्याचे नाव अधिक लोकांना ठाऊक आहे. रोजच्या न्याहारीत दुसऱ्याचा वाटा मोठा.)

शेतीबरोबर तेथे धंदेही होते. पण आपली बलुतेदारी डोळ्यांपुढे ठेवून त्यांच्याकडे पाहिले तर चुकायला होईल. तेथे सुताराचा मुलगा सुतारच व्हावा असा जातीचा दंडक नव्हता. कुऱ्हाड प्रत्येकालाच चालवता यावी लागे, कारण घर, गोठा, न्हाणीघर, पूल, देऊळ सारे ओंडक्यांचेच. ज्याचा हात विशेष बसला तो हिवाळ्यात टोळी करून परगावी कामाला जाई. कोणी विहिरी खणी, कोणी लोकर कुटून नमद्याचे बूट करी, कोणी मडकी भाजी. आणि बायकांकडे जवस. होय, आपल्याकडे ज्याची चटणी होते तेच जवस. पण तिकडे दाण्यापेक्षा मोल काडीतल्या धाग्याला. ते विळ्याने कापीत नाहीत, मुळासकट उपटतात. बोंडे झोडून काढायची, काड्या कुरणावर दवात पसरून कुजवायच्या, मग वाळवायच्या, कांडायच्या, झोडपायच्या, विंचरायच्या. हिवाळाभर सूत कातायचे, वसंताच्या तोंडाशी माग मांडायचा आणि विणलेले कापड उन्हात चकाकणाऱ्या बर्फावर पसरून पांढरे करायचे. एका सदऱ्यामागे जवळजवळ वर्ष.

अब्रामोव हा आधी टीकाकार, मग कादंबरीकार. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लेनिनग्राड विद्यापीठात तो साहित्य शिकवीत असे. १९५४ साली ‘नोवी मीर’ ह्या मासिकात त्याने एक प्रदीर्घ लेख लिहिला. युद्धानंतरच्या कादंबऱ्यांतले सामुदायिक शेतीचे खेडे आणि खरे खेडे ह्यांत किती अंतर आहे, एवढेच त्याने त्यात दाखवले. त्या काळी बाबायेव्स्कीसारख्या लेखकांच्या, पारितोषिके मिळवलेल्या कादंबऱ्यांतून शेते डोलत होती, अडचणी प्रकरणाच्या शेवटापर्यंत टिकत नव्हत्या. अब्रामोवने विचारले की हे लोक खातात काय? लेखावर मोठे काहूर उठले. त्याच वर्षी मासिकाचा संपादक, कवी त्वार्दोव्स्की, ह्याला पद सोडावे लागले. जे लेख त्याला भोवले त्यांत हाही एक होता. टीकाकाराला असा प्रसाद मिळाल्यावर तो सहसा गप्प बसतो. अब्रामोव कादंबरी लिहू लागला.

कादंबरीचे बीज मात्र जुने होते. १९४१ साली तो स्वयंसैनिक म्हणून युद्धावर गेला, जखमी झाला आणि वेढ्यातल्या लेनिनग्राडमधून सुटून १९४२ साली पिनेगेकाठी आला. गावात धडधाकट पुरुष उरला नव्हता. कुरणावर बायका, म्हातारे आणि अर्धवट वयाची पोरे गवत कापीत होती. ती पाहिल्यावर ते लिहिल्यावाचून त्याची सुटका नव्हती. १९५८ साली ‘भाऊ आणि बहिणी’ आली. मग ‘दोन हिवाळे, तीन उन्हाळे’ (१९६८), ‘वाटा-चौवाटा’ (१९७३) आणि ‘घर’ (१९७८). पेकाशिनो हे कल्पित गाव आणि त्यातले प्र्यास्लिन कुटुंब ह्यांची ही चार खंडांची कथा. बाप युद्धात पडल्यावर चौदा वर्षांचा मिखाईल घरचा कर्ता होतो. आई आणि धाकटी पाच भावंडे ह्यांचे पोट त्याच्या हातांवर येते.

ह्या कादंबऱ्यांतली शेती मला सर्वांत खरी वाटते ती एका कारणाने. ती कोणाला धड करूच दिली जात नाही. हिवाळा आला की सरकारी लाकूडतोडीला चला. वसंतात ओंडके नदीत लोटायला चला. मधल्या काळात नांगरा, पेरा, कापा. गाय असो नसो, घरामागे ठरलेले मांस, दूध, लोकर द्या. वर सरकारी कर्जरोखे घ्या. कामाच्या दिवसांची नोंद होते, खुणा वहीत पडतात. पण सरकारी भरणा झाल्यावर कोठारात उरेल त्यातून त्या खुणांचे दाणे व्हायचे, आणि उरत तर काहीच नाही. दुसऱ्या खंडात जंगलातून परतलेला मिखाईल घरी अख्खा पाव आणतो तेव्हा भावंडांच्या डोळ्यांत जे दिसते, त्यासाठी अब्रामोवला एकही विशेषण लागत नाही. त्याच खंडात घरची गाय जाते. बहीण लिझा येगोर्शाशी लग्नाला उभी राहते, कारण त्या सोयरिकीबरोबर एक गाय येणार असते. ही लिझा म्हणजे आधुनिक रशियन कादंबरीतली माझी आवडती नायिका. तिला आपल्या त्यागाचा पत्ताच नसतो. गाय चांगल्या दुधाची आहे ह्याचाच तिला आनंद.

तिसऱ्या खंडात लुकाशिन हा अध्यक्ष सरकारी धान्यभरणा पुरा होण्याआधीच गोठा बांधणाऱ्या सुतारांना माणशी पंधरा किलो राय देऊन टाकतो. गोठा हिवाळ्यापूर्वी उभा राहिला नाही तर जनावरे मरतील, आणि सुतार उपाशी हाताने कुऱ्हाड धरीनात. पंधरा किलो! त्याला अटक होते. मिखाईल त्याच्या बाजूने अर्ज लिहून घरोघर फिरतो. ज्यांनी ती राय खाल्ली तेही सही करायला कचरतात. सही करायला पुढे येते ती लिझा.

आता बेलोवकडे वळू. त्याची ‘नेहमीचीच गोष्ट’ ही दीर्घकथा १९६६ साली प्रसिद्ध झाली. इवान आफ्रिकानोविच हा तिचा नायक. युद्धावर जाऊन आलेला, नऊ मुलांचा बाप, थोडा पिणारा, सदा गोंधळलेला. कथेच्या आरंभी तो दारूच्या तारेत आपल्या घोड्याशी, पार्मेनशी, सुखदुःखाच्या गोष्टी बोलतो. बायको कातेरिना कोल्खोजच्या गोठ्यात राबते. आणि घरात रोगुल्या नावाची गाय आहे. नऊ पोरांचे जगणे ह्या गायीवर. बेलोवने रोगुल्याच्या आयुष्यावर काही पाने लिहिली आहेत. गायीचे मन असे शांतपणे, कुठेही लाडात न येता लिहिणे फार थोड्यांना जमले असेल.

रोगुल्याला गवत हवे. नियम असा की सामुदायिक शेतासाठी जेवढे कापाल त्याच्या शेकडा दहा टक्के तुमचे. दहा टक्के गवत रोगुल्याला कसेबसे महिनाभर पुरते; हिवाळा तर कितीतरी लांब. म्हणून इवान रात्री उठतो, गावापासून दूर, रानाच्या पोटात जातो आणि अंधारात गवत कापतो. दिवसा सर्वांचे, रात्री स्वतःचे. लेविनच्या कापणीत काळाचे भान हरपत होते. ह्याला एकेक घटका मोजावी लागते, कारण उजाडण्याच्या आत परतायचे आहे. आणि तरी, खरी मौज इथेच आहे, त्या चोरट्या कापणीतही त्याला सुख होते! गवताचा वास तोच, पहाटेचा गारवा तोच, विळ्याचा आवाज तोच. बेलोव हे सुख लपवीत नाही आणि त्याचे भांडवलही करीत नाही. पुढे घरातल्याच एका लहान पोराच्या निरागस बोलण्यातून तालुक्याच्या अधिकाऱ्याला बातमी लागते आणि गवत जप्त होते.

त्यानंतरचे सारे फार झपाट्याने घडते. मेहुण्याच्या नादाने इवान पैसे कमावायला गाव सोडायला निघतो. त्या काळी सामुदायिक शेतावरच्या माणसाला गाव सोडायचे तर अध्यक्षाचा दाखला लागे. सर्वसाधारण नागरिकासारखे ओळखपत्र त्यांना देण्याचा निर्णय १९७४ साली झाला. इवान जन्मात पहिल्यांदा आवाज चढवतो, भट्टीची सळई हातात घेऊन उभा राहतो आणि दाखला मिळवतो. तिकडे कातेरिना, आधीच अंथरुणातून उठलेली, गवत कापायला जाते आणि जीव गमावते. इवान अर्ध्या वाटेवरून परततो तो तिच्या मरणानंतर. मग रोगुल्याही जाते. दहा टक्क्यांची ही किंमत. कथा आली त्याच १९६६ साली सामुदायिक शेतांवर ठरावीक मासिक वेतनाचा निर्णय झाला. कातेरिनेला त्याचा उपयोग नव्हता.

दहा टक्क्यांच्या शेजारी अब्रामोवचे तीस टक्के ठेवून पाहावेत. १९६३ साली ‘नेवा’ मासिकात त्याची एक लांब कथा आली. तिच्या नावाचा अर्थ साधारण ‘आजूबाजूने’ असा. अनानी येगोरोविच हा कोल्खोजचा अध्यक्ष. आकाश निवळले आहे, वाळलेले गवत उचलायची हीच वेळ. पण तालुक्याचा हुकूम असा की आधी ओला चारा खड्ड्यात दाबा. हुकूम पाळण्याच्या नादात उघडीप निघून जाते, पाऊस लागतो. पुढे हवा सुधारते तेव्हा लोक कामावर येत नाहीत. कोणी अळंबी गोळा करायला गेलेले, कोणी आपापल्या खटल्यात. अध्यक्ष दारोदार फिरतो. एकेका घरात एकेक गाऱ्हाणे, आणि प्रत्येक गाऱ्हाणे खरे. दमून, हताश होऊन, पिऊन तो त्या रात्री बोलून जातो की कापलेल्या गवताचे शेकडा तीस टक्के तुमचे. सकाळी डोके धरून उठतो तो गाव रिकामे! म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सारे कुरणावर. आणि अध्यक्षाला आपण काय बोलून बसलो हे आठवून घाम फुटतो.

ह्या कथेला विनोदी म्हणावे की भयंकर, मला ठरवता येत नाही. तिसाव्या वर्षी लिहिलेली असती तर अब्रामोवने शेवटी अध्यक्षाला एक भाषण दिले असते. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने फक्त तीस हा आकडा ठेवला. तो आकडा सत्तेला कोणत्याही भाषणापेक्षा अधिक झोंबला. त्याच वर्षी वर्तमानपत्रांत वेर्कोलाच्या गावकऱ्यांच्या नावाने त्याला उद्देशून उघडे पत्र छापून आले की गाववाल्या, तू आम्हांला कोणत्या वाटेने नेऊ पाहतोस. स्वतःच्या गावाच्या तोंडून लेखकाला फटकारण्याची ही तऱ्हा मोठी कुशल म्हटली पाहिजे.

आणि टॉलस्टॉयच्या गावकऱ्यांना, जमीनदाराच्या राज्यात, तिसरा हिस्सा मिळत होता. मी काही त्या राज्याची भलामण करीत नाही. जमीनदारीचे इतर हिशोब फार काळे होते. पण तीन कुरणांवरचे हे तीन आकडे शेजारी ठेवल्यावर मला ‘लाद’ हे पुस्तक पूर्वीच्या निष्कपट आनंदाने वाचता येईना.

‘लाद’ हे बेलोवचे सर्वांत गाजलेले पुस्तक. रशियन भाषेत ह्या शब्दाचा अर्थ मेळ, सुसंगती, सूर जुळणे. लोकांच्या सौंदर्यदृष्टीवरचे हे निबंध १९७९ ते १९८१ मध्ये मासिकात आले आणि १९८२ साली ग्रंथरूपाने निघाले. सोबत अनातोली झाबोलोत्स्की ह्या चित्रपट-छायालेखकाची छायाचित्रे. वर्षाचे ऋतुचक्र आणि त्यातली कामे, नाना धंद्यांतले उस्ताद आणि उमेदवार, बायकांचे जवसाचे काम, मग जन्मापासून मरणापर्यंतचे आयुष्य असा त्याचा पसारा. बेलोव स्वतः तरुणपणी सुतारकाम शिकलेला. कुऱ्हाडीचा दांडा कसा तासावा, ओंडक्यावर ओंडका बसवताना खाच कशी घ्यावी, विहीर खणणारा पाण्याचा ठाव कसा घेतो, हे तो सांगतो तेव्हा त्याचे बोट लाकडावरून फिरताना दिसते. त्याचे म्हणणे असे की ह्या जगण्याचा प्राण म्हणजे ताल. कामाला ताल होता, म्हणून काम ओझे नव्हते; उपयोग आणि सौंदर्य ह्यांची फारकत झालेली नव्हती; चांगला सुतार आणि कलावंत ह्यांच्या मधली रेघ कोणी ओढलेली नव्हती.

हे सारे मला पटते; जवसाची पाने तर पुनःपुन्हा वाचावीत अशी आहेत. एक पिढी गेली असती तर शेकडो शब्द तिच्याबरोबर गेले असते. पण पुस्तक मिटल्यावर ध्यानात येते की एवढ्या मोठ्या ग्रंथात साल म्हणून जवळजवळ नाहीच. हे केव्हाचे खेडे? आजोबांच्या वेळचे? पणजोबांच्या? दुष्काळ कोणत्या वर्षी पडला? मोल किती मिळे, कर किती जाई, कोणाच्या घरी चार गायी आणि कोणाच्या घरी एकही नाही? ज्या बाईने वर्षभर खपून तो पांढरा सदरा केला, तिच्या बोटांचे काय झाले? ‘लाद’मध्ये कोणी थकत नाही असे नाही, पण तेथला थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. कातेरिनेचा उतरला नाही.

बेलोवला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ‘नेहमीचीच गोष्ट’ त्याचीच. १९६८ सालच्या ‘सुताराच्या गोष्टीं’तला म्हातारा ओल्योशा स्मोलिन हा जन्मभर कुऱ्हाड चालवणारा कारागीर आणि त्याच्या शेजारचा, सभा आणि चहाड्या ह्यांवर आयुष्य काढणारा अवीनेर कोझोन्कोव, ही जोडीही त्याचीच. त्या कथेतला शहरातून आलेला निवेदक आपले मोडके न्हाणीघर दुरुस्त करायला ओल्योशाला बोलावतो आणि दोघा म्हाताऱ्यांचा जुना दावा ऐकून आता ह्यांचा जन्माचा तुटावा होणार असे समजतो. शेवटी पाहतो तो दोघे एकाच मेजाशी बसून जिव्हाळ्याने बोलत आहेत, गाणे म्हणत आहेत. निवेदक त्यांच्या सुरात सूर मिसळू पाहतो आणि त्याला कळते की त्या गाण्याचा एक शब्दही आपल्याला येत नाही. असा शेवट लिहिणाऱ्या लेखकाने पुढे ‘लाद’मध्ये ओल्योशाला ठेवले आणि अवीनेरला गावाबाहेर काढले. अवीनेरशिवायचे खेडे सुरेल आहे यात शंका नाही. सामुदायिक शेतीच्या आरंभकाळावरच्या ‘पूर्वसंध्या’ ह्या कादंबरीत त्याने पावेल पाचिनची पवनचक्की उभी राहताना दाखवली आहे. एकेक तुळई कशी निवडली, कशी चढवली ते सगळे. आणि त्याच पानांवर ती चक्की कोणाची ठरणार ह्याची धास्तीही. तेथे कारागिरी आणि हिशोब एकाच तुळईवर आहेत. मला कादंबरीकार बेलोव हा निबंधकार बेलोवपेक्षा मोठा वाटतो, तो ह्यासाठी.

अब्रामोवला जुन्या कारागिरीचे प्रेम कमी होते असे मात्र समजू नये. उत्तरेकडच्या ओंडक्यांच्या घरांवर, दोन्ही उतरत्या छपरांच्या माथ्यावर, एक जाडजूड पोकळ कोरलेली तुळई ठेवीत. तिच्या वजनाने छपराच्या फळ्या दाबून धरल्या जात. त्या तुळईचे मुळाकडचे टोक घोड्याच्या मानेसारखे कोरीत. खिळ्याचे काम करणारे ओझे आणि घराची शोभा, दोन्ही एकाच लाकडात. ‘लाकडी घोडे’ ह्या त्याच्या कथेला नाव मिळाले ते ह्या घोड्यांवरून. तिच्यातली म्हातारी मिलेन्त्येव्हना, भूर्जाच्या सालीची जुनी भांडी, हाताने गुळगुळीत झालेली अवजारे हे सारे ‘लाद’मध्ये शोभले असते. पण अब्रामोव त्या अवजारांमागून त्या बाईचे आयुष्य ओढून काढतो. मग अवजार नुसते देखणे राहत नाही.

दिवाळीच्या सुटीत घरात कोणी एकच काही वाचणार असेल तर मी त्याची ‘पेलागेया’ सुचवीन. ही भटारखान्यातली बाई. अठरा वर्षे, दिवसामागून दिवस, पहाटे नदीपलीकडे जायचे, लाकडे फोडायची, पाणी वाहायचे, पीठ मळायचे, भट्टी पेटवायची. तिच्या पावाची वाखाणणी दूरवर. ह्या कामाचे तिला भूषण आहे आणि त्याच कामाने तिला आतून जाळलेले आहे. भुकेच्या वर्षांत हाती पाव असावा म्हणून तिने ती जागा मिळवली, आणि तिच्यासाठी जी किंमत मोजली ती बायकांनाच मोजावी लागते. पुढे ती भारी कापडाचे तागे साठवत जाते. पोरीला होतील, अडीअडचणीला उपयोगी पडतील. शेवटी कळते की त्या कापडाची तऱ्हा केव्हाच जुनी झाली, कोणाला ते नको आहे. आपल्या घरांतल्या पेट्यांतही असे तागे असतात.

एवढ्यावर निकाल लावता आला असता. पण अब्रामोवनेच तो लावू दिला नाही. ‘घर’ ह्या शेवटच्या खंडात १९७० नंतरचे पेकाशिनो आहे. आता वेतन आहे, घरोघर पाव आहे, मिखाईल पोटभर जेवतो. आणि शेते झुडपांखाली चालली आहेत, कोणाला त्याचे काही वाटत नाही. म्हणजे हिस्सा वाढला की हात आपोआप चालू लागतील, हा अनानी येगोरोविचच्या सकाळचा धडा पुढे लागू पडेना. मधल्या काळात काहीतरी मेले होते. १९७९ साली अब्रामोवने आपल्या गावकऱ्यांना उघडे पत्र लिहिले. सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या नावाने त्याला लिहिले गेले होते; आता त्याने त्यांना. चांगल्या नांगरटीचा, सफाईने कापलेल्या कुरणाचा, देखणी रचलेल्या गंजीचा, निगा राखलेल्या जनावराचा जुना अभिमान कोठे गेला, असा त्याचा सवाल. तिकडची गंजी म्हणजे रोवलेल्या खांबांमध्ये भिंतीसारखी लांब रचायची. वाकडी गेली तर पाऊस आत शिरतो. ती रचणारा गावात ओळखला जाई.

पत्र खरे होते. तरी ते वाचताना मला ‘नेहमीचीच गोष्ट’मधल्या रात्रीची आठवण राहून राहून येते. अंधारात चोरून गवत कापणाऱ्याचा अभिमान शिल्लक होता. त्याची गंजी जप्त करणाऱ्यांनी नेमके तोच नेला. अब्रामोवला हे माहीत असणार. त्याने चार खंड त्यावरच खर्च केले. पण पत्रात त्याने दोष शेजाऱ्यांच्या पदरात अधिक घातला, वरच्यांच्या पदरात कमी. पत्र छापून यायचे होते म्हणून, की खरोखरच तो त्यांच्यावर रागावला होता म्हणून? मला दुसरे कारण अधिक खरे वाटते. परक्यावर कोणी इतके रागवत नाही. १९८३ साली तो वारला तेव्हा त्याला वेर्कोलाला, पिनेगेकाठीच पुरले.

‘घर’च्या अखेरीस, ज्या घराच्या माथ्यावर तो लाकडी घोडा होता ते घर लिझाच्या हातून जाते. येगोर्शा ते विकून टाकतो. पुढे ती घोड्याची तुळई छपरावर पुन्हा चढवण्याचे काम निघते; माणसे दोर लावून ती वर ओढू लागतात, आणि लिझाही हात द्यायला जाते. ओझे निसटते, आणि ती त्याच्याखाली सापडते.